धनाजीचा निळा चेहरा

पालीत फुलाबाईंच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीवर त्यांच्या मुलाचा, धनाजीचा, नवा फोटो होता. वर्षश्राद्धाला तो लावला तेव्हाच सगळ्यांनी पाहिलं, तोंड निळंशार. काविळीनं गेलेला माणूस वर्षानं रंग बदलतो म्हटल्यावर वेल्ह्याहूनही लोक एसटीनं येऊ लागले. एक महाराजही आले. असे लोक न बोलावता पोचतात.

महाराजांनी फोटोवर अंगारा फुंकला, डोळे फिरवले आणि निकाल दिला, "पोरगं बोलतंय. घरातल्यानंच इख घातलं म्हणतंय."

घरात सासू, सून आणि चार वर्षांची नात. बोट कुणाकडं जाणार होतं? त्याच दिवशी फुलाबाईंनी सुनेला, नूतनला, माहेरी कामथडीला घालवून दिलं. पोरीला ठेवून घेतलं.

आठ दिवसांनी ही बातमी भोरात अल्ताफच्या फोटो स्टुडिओत आली आणि त्याच्या हातातला चहा तसाच राहिला. तो फोटो त्यानंच केला होता. नूतन नखाएवढा जुना फोटो घेऊन आली होती. मेलेल्या माणसाला फोटोत कोट चढवायची आपल्याकडं रीतच आहे. "लग्नातबी उसना सदरा व्हता त्यांचा," ती म्हणाली होती. "दादा, कोट निळा करा."

अल्ताफनं फाईल उघडली. कॉम्प्युटरवर फोटो थरांनी रचतात. खाली चेहरा, त्यावर कोट, आणि कोटापुरताच चिकटवलेला निळ्या रंगाचा थर. त्या दिवशी लाईट जायची वेळ झाली होती. घाईत त्यानं निळा थर कोटात मिसळण्याआधीच कोट आणि चेहरा एक केले. कोट चेहऱ्यात मिसळला, तसा कोटाला चिकटलेला निळा चेहऱ्यावरही पसरला. त्यानं न बघताच सीडी छपाईला पुण्याला धाडली, आणि आलेला फोटो गुंडाळीतच नूतनच्या हाती दिला. अल्ताफला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यानं कॉम्प्युटर टेम्पोत घालून पाली गाठली. महाराज अजून तिथंच तळ ठोकून होते. महाराजांनी स्वतःच्या कॅलेंडरसाठी त्याच्याकडंच काढून घेतलेला फोटो त्यानं ओसरीवर सर्वांसमोर उघडला. त्यावर मुद्दाम तोच कोट, तोच निळा थर चढवला आणि तीच चूक केली. महाराजांचं तोंड दाढीसकट निळं झालं.

"यांना कुणी इख घातलं, काकू?" अल्ताफनं फुलाबाईंना विचारलं.

"यंत्रात सैतान हाय," महाराज म्हणाले.

"मग क्यालेंडर करताना त्यो कुठं व्हता?" शेजारचे गेनबा म्हातारबा म्हणाले. लोक हसले. महाराज चपला शोधू लागले.

फुलाबाई मात्र हसल्या नाहीत. त्या तशाच उठल्या, नातीला घेऊन टेम्पोत बसल्या.

कामथडीत नूतननं पोरीला कडेवर घेतलं. अल्ताफनं दुरुस्त करून स्टुडिओतच लहान आकारात छापलेला फोटो पुढं केला. साफ चेहरा, निळा कोट. तिनं तो हातात घेतला.

"चल घरी," फुलाबाई म्हणाल्या. "फोटूची चूक व्हती."

"आत्याबाई, सतरा दिवस आपण दोघी त्यांच्या उशाशी व्हतो. म्या काय पाजलं ते तुमी डोळ्यांनी बघितलं. तरी फोटूला इचारलंत. मला न्हाई इचारलं." तिनं पोरीला घट्ट धरलं. "पोर माझ्यापाशी ऱ्हाईल. म्या येत न्हाई."

फुलाबाई एकट्याच परतल्या. त्यांना उतरवून अल्ताफ भोरला आला.

मंडळी, चूक यंत्राच्या वापरात होते, तशी ती शोधताही येते. फुंकरीवर विश्वास ठेवून घरच्या माणसावर आळ घेण्याआधी त्या माणसाला विचारा, डॉक्टरांचा कागद वाचा. धनाजीला कावीळ होती असं लिहिलेला कागद वर्षभर फुलाबाईंच्या ट्रंकेतच होता.