बातमी ऐकणाऱ्याची खुर्ची

मी एक जुनी, दोन हातांची लाकडी खुर्ची आहे. मित्रांनो, माझ्यावर निवांत बसलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

सुताराने मला नाटकासाठी बनवलं, पण माझी उमेदीची वर्षं गेली वैद्यकीय महाविद्यालयातल्या एका लहानशा खोलीत. डॉक्टर होऊ घातलेली मुलं तिथे नाटक शिकायची. रंगभूमीवर केस पांढरे झालेल्या एक मावशी रुग्णाची आई होऊन माझ्यावर बसायच्या आणि मुलांनी त्यांना वाईट बातमी सांगायची, हाच धडा.

त्यांत एक मुलगी होती. सगळे तिला 'झपाटा' म्हणायचे. ती आली, उभ्या उभ्या म्हणाली, "खूप प्रयत्न केले, पण मुलगा गेला. इथे सही करा." आणि वळलीसुद्धा.

मावशींनी माझे हात घट्ट धरले. "बाळा, तू मला सांगितलंस, की माझ्या अंगावर फेकलंस?"

"मी डॉक्टर व्हायला आलेय मावशी, नाटकं करायला नाही!" तिची नजर मात्र दाराकडे होती.

"माझ्या डोळ्यांत बघायची भीती वाटते, म्हणून ही घाई. मलाही वाटते गं, दरवेळी पडदा उघडताना. बस. पुन्हा सांग."

ती बसली. पुन्हा चुकली. वर्षभर चुकत राहिली, पण यायची थांबली नाही.

पुढे त्या खोलीत कसलंसं यंत्र आलं. वर्ग बंद झाला, मावशी घरी गेल्या आणि माझी रवानगी ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बोळात झाली. इथे काहीच नाटक नव्हतं.

एका दुपारी एक बाप माझ्यावर बसला होता. त्याचा मुलगा आत होता. बापाच्या तळव्यांचा घाम माझ्या लाकडात मुरत होता. एवढ्यात दार उघडलं. झपाटाच! आता डॉक्टर झालेली, पण चाल तीच, भरभर. मला वाटलं, आता ही फेकणार!

ती थांबली. स्टूल ओढून त्याच्यासमोर बसली.

"काका, तो जिवंत आहे. हे आधी ऐका." त्याने मान हलवली, तेव्हाच ती पुढे म्हणाली, "पण उजवा पाय वाचवता आला नाही."

बापाने माझे हात घट्ट धरले. ती उठली नाही.

"चालेल का हो तो?"

"आज नाही सांगता येत, काका. कळलं की मीच येऊन सांगेन."

बापाची पकड सैल झाली नाही, पण त्याने श्वास घेतला.

मित्रांनो, एवढं शिकायला तिला वर्ष लागलं. आताची मुलं ते कुठे शिकतात, मला ठाऊक नाही. माझी पाठ करकरते, ती दुरुस्त केली नाहीत तरी चालेल. पण नाटकाच्या वर्गासाठी ती खोली पुन्हा उघडा. इथे रोज दार वाजतं, पावलं झपझप येतात, आणि माझ्यावर कुणाची तरी आई बसलेली असते.