समासातली लाल शाई

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. सुलक्षणाबाईंची खोड म्हणजे लाल पेन. जळगावच्या कॉलेजात सव्वीस वर्षं मराठी शिकवत होत्या. लग्नपत्रिका हातात आली तरी आधी त्यातल्या चुका शोधायच्या. लोक हसत, आणि त्यांना त्याचा अभिमानच वाटे.

धाकटी बहीण दिपमाला धुळ्याला ब्लाउज शिवते. आई अंथरुणाला खिळली तेव्हा दोघींपैकी एकीने घरी राहायचं ठरलं, आणि नववीतली दिपमाला राहिली. अक्का हुशार, तिने शिकावं, हे तीच म्हणाली होती. तेव्हापासून अक्कासमोर पुस्तकांचा विषय निघाला की ती पदराशी चाळा करत गप्प बसायची.

म्हणून गेल्या दिवाळीनंतर तिने एसटीच्या कंडक्टरबरोबर चक्क एक कादंबरी पाठवली, तेव्हा सुलक्षणाबाई चाटच पडल्या. तिच्या लेकीने, मेघाने, आणलेली. पाठोपाठ फोन. "अक्का, चार दिनमा बठ्ठं वाचं मी! शिलाई तशीच पडी राहिनी. तू भी वाच, आन कोठे कोठे हासनी ते माले सांगजो." चार दिवसांत अख्खी कादंबरी! पन्नास वर्षांच्या आयुष्यात तिने कुणाला सुचवलेलं हे पहिलं पुस्तक.

गोष्ट हलकीफुलकी होती. लग्नाच्या जेवणावळी सांभाळणारी एक फटकळ पोरगी नवरदेवाच्या डॉक्टर मित्राला वाढपी समजते आणि त्याच्या हातात वरणाची बादली देते. तो बिचारा दोन पंगती वाढतो आणि तिथेच जीव लावून बसतो. सुलक्षणाबाई रविवारी दुपारी वाचायला बसल्या. बादलीपाशी इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. पण त्या आठवड्यात टेबलावर पेपरांचे गठ्ठे होते, हातात लाल पेन होतं, आणि हात आपलं काम करत राहिला. 'योगायोग फार.' 'संवाद बटबटीत.' शेवटच्या पानावर तर 'सामान्य' असा शेरा मारून खाली रेघही ओढली. हसू मात्र समासात कुठेच उतरलं नाही. फोन करू करू म्हणता पेपर जमा करायची तारीख आली, आणि त्यांनी पुस्तक तसंच कंडक्टरकडे दिलं.

आठ दिवस फोन नाही. मग त्यांनीच केला.

"मिळनं, अक्का," दिपमाला म्हणाली. "तुनं लिखेल बठ्ठं वाचं मी. इतलं वाईट शे, हाई माले समजनंच नही."

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"अगं, मला आवडलं! मी हसले गं!"

"राहू दे ना, अक्का," ती म्हणाली, लहान मुलाची समजूत काढावी तशी.

पुढच्या सुट्टीत त्या त्याच लेखिकेची नवी कादंबरी घेऊन धुळ्याला गेल्या. आत एकही रेघ मारलेली नव्हती. शिलाई मशीनशेजारी बसून त्यांनी माफी मागितली. बहिणीची माफी मागायची ही पहिलीच वेळ. इतकं मराठी शिकवलं, पण शब्द जुळेनात. शिकायचं तिचं एकदा गेलंच होतं, आता तिचं हसणंही आपणच नापास केलं, हे त्यांना आतून खात होतं.

दिपमालाने पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं, वरून हात फिरवला आणि परत त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"तू पहिले वाच, अक्का. चुका दखाडी दे, मंग मी वाचसू. नहीतं परत भलत्याच जागावर हाससू."