आत्याच्या दुकानाचा ग्रह

शून्य अंश

आत्याचं शिवणकामाचं दुकान उद्या सकाळी रिकामं होणार. प्रदर्शनासाठी चित्रं द्यायची मुदत आज संध्याकाळी पाचपर्यंत. सहा ग्रह हवेत, माझ्याकडे पाच आहेत. सहावा आत्याचा. नियम सहाचाच, त्यामुळे तो झाला नाही तर बाकीचे पाचही घरीच.

चाळीस अंश

खोलीच्या मधोमध तिपाई. कॅमेरा दर वेळी चाळीस अंश फिरवायचा, असे नऊ फोटो. शेजारी शेजारी जोडले की लांबलचक पट्टी. संगणक तिची दोन टोकं भिडवून ती वळवतो, मग फरशी मधे गोळा होते आणि भिंती, कपाटं, माणसं तिच्याभोवती उगवल्यासारखी उभी राहतात. हा झाला ग्रह.

आत्याने एवढंच विचारलं, "मी कुठे बसू?" मी म्हटलं, तुझ्या मशीनवर, हलू नकोस. हे आत्याला आजवर फक्त डॉक्टरांनी सांगितलंय. तेही वाया गेलं.

तीनशे वीस अंश

पहिल्या फोटोच्या डाव्या कडेला मशीनवर आत्या. नवव्याच्या उजव्या कडेला तेच मशीन, पण आत्या कटिंग मास्तरांना झापायला उठलेली. टोकं भिडवली, तर ग्रहावर अर्धीच आत्या. एक हात, एक कान, अर्धा चष्मा.

तासभर पुसलं, ओढलं, रंगवलं. पावणेचार झाले. आत्या मागून वाकून बघत होती.

"ही शिवण छातीवर कुणी घेतली?"

"म्हणजे?"

"शिवण काखेत घ्यायची गं, कुणी बघत नाही तिथे. चार वर्षं फोटोचंच शिकलीस ना?"

तिने कपाट आणि भिंत यांच्यामधल्या काळोख्या फटीकडे बोट दाखवलं. सुरुवात तिथून, शेवटही तिथेच. "आणि मी एका फोटोच्या बरोब्बर मधे, कडेला नको," ती म्हणाली.

शून्य अंश, पण कपाटापासून

तोवर मास्तरांनी तीन खोके बांधले होते. ते सोडावे लागले. आमच्या अख्ख्या घराण्याचा उद्धार करत त्यांनी गठ्ठे जागच्या जागी लावले. मग म्हणाले, बाईंना गप्प बसवायचं माझ्यावर सोड. तिच्या फोटोची पाळी आली तसा त्यांनी तिच्या हातात बारीक सुई आणि काळा दोरा दिला.

सुईत दोरा ओवताना आत्या श्वाससुद्धा घेत नाही.

क्लिक.

चार चाळीस

ग्रह तयार. मधे चिंध्या पडलेली फरशी, भोवती कापडांची ठाणं, दोन मशीनं, आरसा, पोट आत घेतलेले मास्तर आणि अख्खी आत्या, नाकासमोर सुई धरलेली.

आत्याने चष्मा चढवला. पडद्यावर बोट ठेवून शिवण शोधत एक फेरी मारली. मग उलट्या दिशेने दुसरी. मी घड्याळ बघत होते, पण तिच्या होकाराआधी पाठवायची हिंमत नव्हती.

"बरी आलीय," ती म्हणाली.

मास्तरांनी हातातला खोका खाली ठेवला. "मला हे ऐकायला अकरा वर्षं लागली," ते माझ्याकडे बघून म्हणाले, "आणि तेसुद्धा एका बाहीसाठी."

चार बावन्नला सहाही ग्रह गेले.