निर्दोष ठरलेल्या पाण्याची बाटली

मित्रांनो, मी एक जुनी, जाड काचेची, घट्ट बुचाची बाटली. माझ्यात कुणी कधी सरबत भरले नाही. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत मला वाफेत निर्जंतुक करीत आणि गावोगावच्या विहिरींत सोडीत. माणसे देवासमोरही खोटे बोलतात, पण माझ्या पोटातले पाणी खोटे बोलत नाही, असा मला गर्व होता. होटगीजवळच्या एका गावाने तो उतरवला.

दुष्काळाचे साल होते. विहिरीत कमरेएवढे पाणी उरले होते आणि जत्रा तोंडावर आली होती. पाणी नापास झाले तर जत्रा बंद, असा हुकूम होता. जत्रेचे पंच महादेवप्पा म्हणजे अकलेचे खंदक. कोंबड्यांच्या खाद्यात मिसळतात त्या पिवळ्या प्रतिजैविकाचे अख्खे पोते त्यांनी विहिरीत ओतले. मी दोरीने खाली उतरले तेव्हा रिकामे पोते पायरीवरच पडले होते. मला सोडणाऱ्या शिपायाने ते पाहिले आणि विडी ओढत राहिला.

प्रयोगशाळेत त्या पाण्यातून एकही जंतू वाढला नाही. साहेबांनी पाणी पिण्यास योग्य ठरवून सही ठोकली. जिथे म्हशी धुतात त्या विहिरीचे पाणी इतके सोवळे कसे, हा प्रश्न त्यांना पडला नाही, कारण जेवणाची वेळ झाली होती. पडला तो तपासणी करणाऱ्या दाक्षायणीबाईंना. त्यांनी माझ्यातल्या उरलेल्या पाण्यात गटाराचे पाणी मिसळून पाहिले. तरी काही वाढेना, म्हणजे पाण्यातच जंतू मारणारे काहीतरी होते; तेव्हा त्या मला पिशवीत घालून थेट गावी गेल्या.

महादेवप्पांनी काही लपवले नाही, उलट मिशीवर ताव दिला. "आजारी म्हशीला चारलं की म्हस उठती. हिरीला घातलं तर काय बिघडलं?"

"सगळे जंतू मरत नाहीत, महादेवप्पा. जे उरतात त्यांच्यावर पुढे तेच औषध चालत नाही. हे पाणी लोकांना पाजू नका."

"सही तुमच्याच हापिसची हाय की, बाई."

विहिरीवर मल्लव्वा नावाची म्हातारी पाणी शेंदत होती आणि तिची नात निंगव्वा ओंजळीने पीत होती. बाईंनी पोरीला अडवले, तेव्हा मल्लव्वाने दुसरे पाणी कुठे आहे असे विचारले. बाईंनी पोरीचा हात सोडला. त्या म्हातारीचा मला राग आला नाही. बाकी सगळ्यांची शिसारी आली.

जत्रा थाटात झाली. हळूहळू झऱ्याचे नवे पाणी आले, औषध विरळ झाले आणि उरलेले जंतू माजले. गावात हगवणीची साथ आली. दवाखान्यात निंगव्वाला तेच पिवळे औषध दिले. जंतूंनी त्याला भीक घातली नाही. पोर गेली.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. मी फुटले तर केरात टाका. पण औषध ज्याचे त्यालाच द्या, आणि पाणी निर्दोष आहे असे कुणी सांगितले तर त्यात काय घातले होते ते आधी विचारा. शहाण्यांच्या सहीवर तर मुळीच जाऊ नका.

साथीनंतर बाईंनी मला पुन्हा त्या विहिरीत सोडले, तेव्हा मल्लव्वा काठावर रिकामी घागर घेऊन बसली होती. महादेवप्पा शेजारी येऊन उभे राहिले आणि हळहळत म्हणाले, "औषध कमी पडलं, बाई. पुढच्या साली दोन पोती घालतो."