बर्नार्डचा उपास

क्लाइव्हने अंगणात बसून बर्नार्डला मांडीवर तिरकं धरलं आणि कवचाखालचं डावं चाक अंगठ्याने दाबून पाहिलं. गोंद पुन्हा सुटला होता. कासवाचे मागचे दोन्ही पाय लुळे पडले, म्हणून खेळण्यातल्या विमानाची ही चाकं त्याने एप्रिलमध्ये चिकटवली होती. पहिला आठवडाभर बर्नार्ड पुढच्या पायांनी स्वतःला ओढत हिरवळीवर हातभर पुढे जायचं. आता ते जिथे ठेवावं तिथेच बसून राही.

"राहू दे ना ते," मेव्हिस म्हणाली. "अकराला डॉक्टर येईल. आता काय शर्यतीला पाठवायचंय त्याला?"

"वाकडं दिसतंय गं."

"दिसू दे."

क्लाइव्हने तरीही गोंदाची नळी उघडली. मेव्हिसने भांडी घासायच्या टबात कोमट पाणी ओतलं आणि तान्ह्या बाळासाठी बघतात तसं कोपर बुडवून पाहिलं. रोज सकाळी अर्धा तास आंघोळ, मग नळीने पातळ खाणं, मग एक दिवसाआड इंजेक्शन. चार महिने हेच चाललं होतं आणि बर्नार्डचं वजन दर आठवड्याला थोडं थोडं कमीच भरत होतं. आज इंजेक्शन शेवटचं होतं, कायमचं झोपवण्याचं, आणि ते डॉक्टर देणार होती.

मेव्हिस सात वर्षांची असताना वडिलांनी हे कासव आणलं. एकसष्ट वर्षं झाली. मध्ये एका उन्हाळ्यात बर्नार्डने चक्क अंडं घातलं, तेव्हा कुठे ती मादी असल्याचं उघड झालं. पण तोवर नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं होतं, ते कोणी बदललं नाही. त्याने मेव्हिसचं लग्न पाहिलं, आईवडिलांना जाताना पाहिलं. मूल झालं नाही, तेव्हाही ते होतंच.

दर नोव्हेंबरात हिवाळ्याच्या शीतनिद्रेसाठी त्याला मातीच्या खोक्यात घालून गॅरेजमधल्या छोट्या फ्रिजमध्ये झोपवायचं, ते फेब्रुवारीपर्यंत. त्याआधी तीन आठवडे कडक उपास. पोटात काही राहिलं, तर थंडीत ते पचत नाही, आतल्या आत कुजतं. हे सगळं मेव्हिसच बघायची. पण गेल्या ऑक्टोबरात तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि ती सतरा दिवस इस्पितळात होती. तेवढे दिवस क्लाइव्हने तिच्या सूचनांची चिठ्ठी फ्रिजच्या दारावर लावून बर्नार्डचा उपास सांभाळला.

फेब्रुवारीत खोकं उघडलं, तर मागचे पाय हलेनात. अन्न कुजून विष रक्तात भिनलं, सांध्यांत उतरलं, असं डॉक्टर म्हणाली.

"पोट नक्की रिकामं होतं ना?" तिने विचारलं होतं.

"माझंच काहीतरी चुकलं असणार," क्लाइव्ह म्हणाला होता. मेव्हिस शेजारच्याच खुर्चीत होती. ती गप्प बसली.

मग लीड्सहून तिच्या बहिणीचा फोन आला. "जेमतेम अडीच आठवडे नवऱ्याच्या हाती दिलंस, आणि बघ कसले दिवे लावले त्याने!" फोनचा आवाज मोठा होता. क्लाइव्हने ते ऐकलं आणि हसण्यावारी नेलं. तेव्हाही मेव्हिस गप्प बसली.

आता तिने बर्नार्डला पाण्यात सोडलं. त्याने मान थोडी बाहेर काढली, पाणी मात्र प्यायलं नाही.

"क्लाइव्ह, तुझं काही चुकलं नव्हतं."

तो गोंदाचं झाकण लावत होता.

"मी टोमॅटो दिला त्याला. घरी आले त्या दिवसापासून, फ्रिजमध्ये ठेवेपर्यंत. रोज एक फोड. दारात येऊन नुसतं बघत बसायचं रे माझ्याकडे. आणि मी तुझ्यावर ढकललं. तोंडाने नाही, पण ढकललंच. मला माफ कर."

"मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"त्याच्या हनुवटीला बिया चिकटलेल्या असायच्या. मी पुसायचो."

मेव्हिसला आधी हायसं वाटलं. इतकं, की तिने त्याचा हात धरला. मग तिचा हात हळूहळू सैल पडला.

"पुसायचास," ती म्हणाली. "आणि मग फ्रिजमध्ये ठेवलंस?"

क्लाइव्हने गोंदाची नळी खिशात घातली.

"जागं ठेवायचं होतंस! अजून तीन आठवडे उपास, बस. एवढंच तर करायचं होतं!"

"तुला कारण सांगावं लागलं असतं."

"मग सांगायचं! ओरडायचं माझ्यावर!"

"इस्पितळातून आल्यापासून तू फक्त त्याच्याशीच हसून बोलत होतीस, मेव्हिस. माझ्याने नाही झालं. म्हटलं, चार फोडींनी काय होतंय."

चार महिने तिला एकच भीती होती, की खरं कळल्यावर हा आपल्याला माफ करेल की नाही. त्याने तर केव्हाच केलं होतं. फक्त आता तिला त्याला माफ करता येईना, आणि बर्नार्डनंतर त्या दोघांखेरीज घरात उरणार होतं कोण.

बाजूच्या फाटकातून डॉक्टर आत आली. तरुण मुलगी, हातात बॅग. ती गवतावर गुडघे टेकून बसली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "वेळ लागणार नाही. कोणी धरणार आहे का त्याला?"

क्लाइव्ह उठला. "मी चहा टाकतो," तो म्हणाला.

"नाही." मेव्हिसने बर्नार्डला पाण्यातून उचलून टॉवेलमध्ये घेतलं. "मी धरते. आणि तू आत जायचं नाहीस. इथे उभा राहून बघ."

क्लाइव्ह उभा राहिला.