प्रेषितांचा पवित्र राजमा

केनियातल्या किमिलीलीच्या शनिवारच्या बाजारात त्या दिवशी कांद्यापेक्षा आमेन स्वस्त झालं होतं. मैदानात प्रेषित एझ्रा सिमियू यांच्या दोन शेगड्या पेटल्या होत्या. पातेली सारखी, कोळसा सारखा, राजमा एकाच पोत्यातला. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात प्रेषितांच्या कॅनमधलं, आणि वर प्रार्थना. तासाभरात कॅनवाला राजमा बोटांत चिरडला जात होता, नळवाला खड्यासारखा वाजत होता. तो मऊ राजमा मात्र कुणी चाखायचा नाही, पवित्र म्हणून पुरायचा.

"जे पाणी हा राजमा मऊ करतं," प्रेषित गरजले, "ते तुमच्या अंगातली गाठ ठेवेल का?"

माझी धाकटी बहीण नामाल्वा पहिल्या रांगेत होती. तिच्या छातीत गाठ होती आणि मंगळवारी ऑपरेशन. ती वळून म्हणाली, "ताई, मी मंगळवारी जात नाही."

वीस वर्षं मी मुलींच्या वसतिगृहात राजमा शिजवते. तो बिघडला तर काय बदललं ते एकेक करून बघते. पाणी, कोळसा, राजमा, सगळंच एकदम बदललं तर दोष कुणाला देणार?

मी उभी राहिले. "प्रेषित, तुम्ही दोन गोष्टी एकदम बदलल्यात, पाणीही आणि प्रार्थनाही. आता एकच बदला. नळाच्या पाण्यावर प्रार्थना करा."

आचारीणबाई आता देवाची परीक्षा घेणार, म्हणून ते हसले. पण गर्दीला फुकटचा तमाशा हवाच होता. प्रेषितांनी इतकी लांब प्रार्थना केली की कोळसा पुन्हा घालावा लागला. राजमा जसाच्या तसा.

इथे कुणीतरी अश्रद्ध आहे, असं त्यांनी जाहीर केलं. मी म्हटलं, ती मीच, आणि मघाशी तुमच्या कॅनवाल्या पातेल्यापाशीही मीच उभी होते, तरी तो राजमा मऊ झालाच.

मग मी मगादी तळ्यातला, सोड्यासारखा खार मागवला. भाजी लवकर शिजावी म्हणून तो आमच्या प्रत्येक चुलीपाशी असतो. नळाच्या पाण्यात चमचाभर टाकला आणि प्रार्थनेऐवजी दोन शिव्या घातल्या. राजम्याचा लगदा झाला. तो चाखला, पवित्र राजमाही चाखला, चारचौघांनाही चाखवला. दोन्हींना तीच साबणासारखी चव. प्रेषितांना अचानक दुसऱ्या गावची सभा आठवली.

आणि आमचे लोक? संध्याकाळपर्यंत बाजारातला सगळा खार संपला. नामाल्वाही पुडी घेऊन आली. "ताई, हा छातीवर लावू की पाण्यातून घेऊ?"

मला रडूच आलं. "अगं, राजम्यावर करून पाहिलं की राजम्याचं कळतं. गाठीवरचा उपाय गाठ असलेल्या माणसांवरच तपासावा लागतो. काहींना दिला, तशाच दुसऱ्यांना नाही दिला, मग काय फरक पडला, असं. तुझ्या ऑपरेशनचं तसं पाहिलंय का, ते डॉक्टरांना विचार. मी आचारीण आहे."

मंगळवारी तिने खरंच विचारलं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि नीट सांगितलं, किती बायकांवर पाहिलं, किती वर्षं पाहिलं, किती बऱ्या झाल्या आणि किती नाही झाल्या. तो शेवटचा आकडा ऐकून मी घाबरले. नामाल्वाने मात्र सहीसाठी कागद ओढला.

"ताई, यांनी बऱ्या न झालेल्याही मोजल्यात," ती म्हणाली. "म्हणून जाते."