शिसवीचा भुसा

माझे चिरंजीव विमा कंपनीत अधिकारी आहेत. आठवड्याचे पाच दिवस ते परक्यांच्या नुकसानीची पाहणी करतात आणि शनिवार-रविवार गॅरेजमध्ये शिसवीच्या पेट्या घडवतात. छंद वाईट नाही. पेट्याही सुबक होतात. त्यासाठी जमवलेल्या सरंजामाचे कौतुक मी स्वतः पाहुण्यांसमोर केले आहे: दोन्ही बाजूंना गाळण्या असलेला रबरी मास्क, यंत्राला जोडलेली भुसा ओढणारी नळी आणि तिच्या टोकाला रांजणाएवढी कापडी पिशवी. मास्क चेहऱ्यावर घट्ट बसावा म्हणून चिरंजीवांनी पंधरा वर्षे जपलेली दाढीसुद्धा उतरवली. स्वतःच्या फुप्फुसांना इतके जपणारा पुरुष आमच्या घराण्यात यापूर्वी झाला नव्हता.

आणि त्याच घरात माझ्या सुनेचा श्वास पुरेनासा झाला.

ती पोहणे शिकवते. दर वर्षी तिला एक परीक्षा द्यावी लागते. तलावाच्या तळाशी ठेवलेले वजन बुडी मारून उचलायचे आणि छातीशी धरून पलीकडच्या काठाला आणायचे. अकरा वर्षे तिने ती हसत दिली. यंदा मात्र अर्ध्या वाटेवर वजन सोडून ती खोकत काठाला लागली. दुसरी संधी दीड महिन्यानंतर होती. तीही हुकली असती, तर नोकरी गेली असती.

"त्या तलावातल्या औषधाचा त्रास आहे," चिरंजीवांनी निकाल दिला. "सोडून दे ती नोकरी."

मीही मान डोलावली. त्या मान डोलावण्याचा मला आजही संताप येतो.

कारण तलाव रविवारी बंद असे आणि सून सर्वांत जास्त खोके ती रविवारीच. सोमवारी तिला जिना चढताना धाप लागे. शुक्रवार उजाडेपर्यंत ती ठणठणीत. दोन आठवडे मी हे कान देऊन ऐकले. तिसऱ्या रविवारी दुपारी यंत्राचा आवाज थांबल्यावर सरळ गॅरेज गाठले.

चिरंजीव बाहेर खुर्ची टाकून चहा पीत होते. मास्क त्यांच्या मांडीवर होता. आत सून ती भलीमोठी पिशवी पिंपात उलटी करून थोपटत होती. मग तिने झाडू उचलला. नाकाला ओढणी बांधलेली. ओढणीवर नाकाच्या जागी दोन तपकिरी ठिपके उमटलेले.

"हे काय चाललंय?"

"झाडतेय, आई." मध्येच खोकला आला. "तुमचाच नियम ना, ज्या दिवसाचा केर त्या दिवशी निघाला पाहिजे."

नियम माझाच होता. ते शब्द कानफटात बसावी तसे बसले, आणि माझा आवाज चढला.

"बाहेर हो आधी! आणि तू, ऊठ रे. आत ये."

"अगं आई, आत धूळ आहे, तू कशाला..."

"मला धूळ आहे आणि तुझी बायको काय लोखंडाची आहे?"

"यंत्र कधीचं बंद केलंय. जाड भुसा पिशवीत गेला, बारीक खाली बसला. आता नुसता झाडू तर मारायचाय!"

मी चष्मा काढला, रुमालाने लख्ख पुसला आणि आत जाऊन त्यांच्या मेजावर ठेवला.

"पिशवी दर वेळी कोण रिकामी करतं?"

"तीच. मी दमलेला असतो गं."

"तुझे कपडे?"

"तीच झटकते."

"आणि मास्क?"

"तो एकच आहे. माझ्या मापाचा."

या उत्तरावर मी जे बोलले ते लिहिण्याजोगे नाही. शेजारच्या दोन खिडक्या उघडल्या, एवढे सांगते. बोलून झाल्यावर मी चष्मा उचलून त्यांच्या नाकावर चढवला.

"बघ. काय दिसतं?"

काचांवर तपकिरी साय धरली होती. चिरंजीव पडेल आवाजात म्हणाले, "मी तिच्यासाठी दुसरा मास्क आणतो. तो लावून झाडेल ती."

मला ते न्याय्य वाटले. मी तसे म्हणणार, तोच दारातून सून म्हणाली, "मला मास्क नको. मी ही खोली झाडणारच नाही."

एकवीस वर्षांत माझ्यासमोर तिने 'नाही' हा शब्द उच्चारला नव्हता. क्षणभर माझा राग तिच्यावर वळला, हे कबूल करते. पण तिच्या छातीतली घरघर मला चार हातांवरून ऐकू येत होती.

"ऐकलंस?" मी चिरंजीवांना म्हणाले. "माझा नियम आज मोडला. इथे यापुढे झाडू फिरणार नाही. भुसा करशील तू, निस्तरशील तू. मास्क न काढता, खिडक्या उघडून, ओल्या फडक्याने. पिशवी तू रिकामी करायचीस आणि अंगावरचे कपडे इथेच उतरवून स्वतः धुवायचेस."

"अगं, मग पेट्या कधी करू?"

"वेळ उरला तर."

डॉक्टरीणबाईंनी पुढे तेच सांगितले: शिसवीची धूळ तिला बाधत होती, त्या धुळीपासून लांब राहा. महिनाभर सून त्या दाराकडे फिरकली नाही.

परीक्षेच्या दिवशी मी तलावाच्या काठावर बसले. ती तळाशी गेली, वर आली आणि वजन छातीशी धरून पाठीवर पोहू लागली. अर्ध्या वाटेवर तिचा वेग मंदावला. माझ्या मुठी वळल्या. ती थांबली नाही. काठाला हात लागला तेव्हा खोकली, एकदाच, आणि परीक्षकाकडे पाहून तिने वजन वर ढकलले.

चिरंजीव उभे राहून टाळ्या वाजवू लागले.

"टाळ्या पुरे," मी म्हणाले. "टॉवेल घे आणि जा तिच्याकडे."